सौंदर्य आणि त्याची किंमत : विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकन मोटारींच्या आकर्षणाची मीमांसा

गोषवारा : दुसरे महायुद्ध संपल्यापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींविषयी आज जगभर कुतूहल आणि प्रेम दिसते. हे आकर्षण केवळ स्मरणरंजन आहे, की त्यामागे रूप, यंत्ररचना आणि सामाजिक आकांक्षा यांची काही निश्चित कारणे आहेत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. या मोटारींनी घेतलेली माणसांची, शहरांची आणि पर्यावरणाची किंमत वगळून त्यांच्या सौंदर्याचा विचार करता येतो काय, याचाही येथे परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : अमेरिकन मोटार, औद्योगिक आरेखन, नियोजित कालबाह्यता, स्मरणरंजन, वाहनसुरक्षा, वर्णभेद.

१. प्रस्तावना

एखादी वस्तू निरुपयोगी ठरल्यानंतर तिचे मोल वाढू लागते, तेव्हा ती वस्तू समाजाविषयी काहीतरी सांगत असते. १९५९ सालची कॅडिलॅक हे याचे ठळक उदाहरण होय. या मोटारीची लांबी सुमारे ५.७ मीटर होती आणि तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची क्षमता ६.४ लिटर होती. आपल्याकडे मध्यमवर्गाचे स्वप्न ठरलेल्या मारुती ८०० ची लांबी ३.३ मीटर आणि इंजिन ०.८ लिटरचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन स्वप्नांच्या आकारमानातील अंतर स्पष्ट होते. इंधन, जागा, सुरक्षितता अशा कोणत्याही व्यावहारिक कसोटीवर ही कॅडिलॅक आज उतरणार नाही. तरीही प्रदर्शनात ती उभी असली की तिच्याभोवती गर्दी जमते, आणि त्या गर्दीत ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही असे तरुणच अधिक असतात.

येथे एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. या मोटारींना सर्वसाधारणपणे ‘क्लासिक’ म्हटले जाते. परंतु अमेरिकेतील क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका ही जुनी संस्था १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची मोटारींनाच ते बिरुद देते. म्हणजे ज्या मोटारी सामान्य माणसाच्या मनात या शब्दाबरोबर उभ्या राहतात, त्या या व्याख्येत बसतच नाहीत. ही विसंगती अर्थपूर्ण आहे. १९५० च्या दशकातील शेव्हरोले किंवा फोर्ड या धनिकांसाठी हाताने घडवलेल्या वस्तू नव्हत्या. त्या लाखोंच्या संख्येने निघालेल्या, हप्त्यांवर विकल्या गेलेल्या मोटारी होत्या. त्यांचे आकर्षण समजून घेताना ही सर्वसामान्यता विसरून चालणार नाही.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ने मोटार स्वस्त केली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या, आणि १९१४ ते १९२५ या काळात त्या केवळ काळ्या रंगात मिळत असत. फोर्ड यांच्या दृष्टीने मोटार ही एकदा घेऊन दीर्घकाळ वापरावयाची उपयुक्त वस्तू होती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी वेगळा विचार मांडला. ज्याच्याकडे आधीच मोटार आहे, त्याला दुसरी का घ्यावीशी वाटावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी दोन प्रकारे दिले. एक, दरवर्षी मोटारीच्या रूपात बदल करावयाचा. दोन, शेव्हरोले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूइक आणि कॅडिलॅक अशी चढत्या प्रतिष्ठेची शिडी उभी करावयाची. १९१९ मध्येच या कंपनीने ग्राहकांना कर्ज देणारी स्वतंत्र शाखा स्थापन केली होती. रूप, प्रतिष्ठा आणि हप्तेबंदी यांची ही सांगड म्हणजेच पुढील साऱ्या कथेचा पाया होय.

१९२७ मध्ये स्लोन यांनी हार्ली अर्ल या आरेखकाच्या नेतृत्वाखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग सुरू केला. अर्ल हे हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी मोटारींची बाह्यांगे घडवीत असत. पूर्ण आकाराच्या मोटारीची प्रतिकृती चिकणमातीत घडवून पाहण्याची पद्धत त्यांनी मोटार उद्योगात रुजवली. सपाट कागदाऐवजी मातीत विचार होऊ लागल्याने मोटारीचे अवयव एकमेकांत मिसळू लागले. दिवे, मडगार्ड आणि बॉनेट या सुट्या वस्तू न राहता एकाच शिल्पाचे भाग बनले. मोटार अधिक लांब आणि अधिक बुटकी करणे हे आपले उद्दिष्ट असल्याचे अर्ल सांगत असत.

युद्धामुळे फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादन पूर्णपणे थांबले आणि सर्व कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपले तेव्हा लोकांकडे बचत होती, सैनिकांना सवलती मिळाल्या होत्या, उपनगरे वसत होती. मात्र मोटारी जुन्या झाल्या होत्या. या साचलेल्या मागणीतून जो पूर आला, त्याचा उच्चांक १९५५ मध्ये दिसला. त्या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ७९ लाख मोटारी तयार झाल्या आणि जनरल मोटर्स ही वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक निव्वळ नफा मिळवणारी पहिली अमेरिकन कंपनी ठरली. पुढील वर्षी, २९ जून १९५६ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सुमारे ६६,००० किलोमीटर लांबीच्या आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मोटार, रस्ता आणि घर या तिन्ही गोष्टी एकाच जीवनपद्धतीची अंगे बनल्या.

३. रूपाचे आकर्षण

या मोटारींकडे पाहताना प्रथम जाणवतो तो त्यांचा गतीचा आभास. उभी असतानाही मोटार धावत आहे असे वाटावे, ही आरेखकांची धडपड होती. या काळाची खूण ठरलेले शेपटाकडील पंख प्रथम १९४८ च्या कॅडिलॅकवर अवतरले. युद्धकाळात अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉकहीड पी-३८ हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान पाहिले होते, आणि त्याचा ठसा या आकारावर उमटला. सुरुवातीला हे पंख लहानशा उंचवट्याएवढेच होते. पुढे क्रायस्लर कंपनीच्या व्हर्जिल एक्स्नर यांनी १९५७ मध्ये ते इतके उंच केले की स्पर्धकांना मागे राहणे अशक्य झाले. १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये या चढाओढीने टोक गाठले. प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे बसवलेले होते. त्यानंतर काही वर्षांतच हे पंख आखडत जाऊन नाहीसे झाले.

रंगांची योजनाही नवी होती. आकाशी आणि पांढरा, गुलाबी आणि करडा अशा जोडरंगांत मोटारी निघू लागल्या. दोन रंगांच्या सीमेवर क्रोमची चकचकीत पट्टी येई. समोरची काच दोन्ही बाजूंना वळून येऊ लागली आणि चालकासमोर क्षितिज उघडले. महामंदी आणि युद्ध यांच्या काटकसरीतून बाहेर पडलेल्या समाजाला हा सढळपणा सुखावणारा वाटला असल्यास नवल नाही.

समकालीनांपैकी सर्वांनाच हे रुचले असे मात्र नाही. विख्यात औद्योगिक आरेखक रेमंड लोवी यांनी १९५५ मध्ये या मोटारींची तुलना चाकांवरील ज्यूकबॉक्सशी करून त्यांच्या भडकपणावर टीका केली. व्हान्स पॅकार्ड यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात नियोजित कालबाह्यतेचे वाभाडे काढले. त्यांचा आक्षेप योग्यच होता. गेल्या वर्षीची मोटार जुनाट वाटावी, हाच या सौंदर्याचा व्यापारी हेतू होता. येथे एक विरोधाभास लक्षात येतो. जे रूप वर्षभरात शिळे व्हावे म्हणून घडवले गेले, तेच साठ-सत्तर वर्षांनंतर टिकून राहिले आहे. याचे कारण असे की, दरवर्षी बदलल्यामुळे प्रत्येक रूपावर आपल्या वर्षाचा शिक्का बसला. १९५७ ची बेल एअर ही १९५६ किंवा १९५८ च्या मोटारीहून नेमकी वेगळी ओळखता येते. विकण्यासाठी निर्माण केलेला हा भेद आता कालदर्शक खूण बनला आहे.

४. यंत्राचे आकर्षण

दुसरे कारण इंजिनात आहे. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांनी झडपा सिलिंडरच्या माथ्यावर असलेली नवी आठ सिलिंडरची इंजिने आणली. १९५५ मध्ये शेव्हरोलेने असेच, पण आकाराने आटोपशीर आणि वजनाने हलके इंजिन सामान्य ग्राहकाच्या मोटारीत बसवले. त्यामुळे श्रीमंतांपुरती मर्यादित असलेली शक्ती शिक्षकाच्या आणि कारागिराच्या आवाक्यात आली. त्याआधी, १९४० च्या मॉडेलपासून, ओल्ड्समोबिलने हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गिअर पद्धती देऊ केली होती. डाव्या पायाचे काम संपले आणि मोटार चालवणे हे कौशल्याऐवजी सहजकृत्य वाटू लागले.

या यंत्रांचा आणखी एक गुण आज अधिक जाणवतो. त्यांचे बॉनेट उघडले की सर्व काही दिसते. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, रेडिएटर यांपैकी प्रत्येक भागाचे काम डोळ्यांनी समजते आणि साध्या पान्यांनी तो उघडता येतो. आजच्या मोटारीचे दोष संगणक शोधतो. त्या मोटारीचे दोष कान आणि हात शोधत असत. ज्या वस्तूशी आपण दुरुस्तीच्या निमित्ताने झटतो, तिच्याशी आपले नाते केवळ ग्राहकाचे राहत नाही. जुन्या मोटारींच्या छंदात हे श्रमाचे समाधान मोठे आहे.

याची सर्वांत प्रभावी साक्ष क्यूबा या देशात मिळते. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने व्यापारावर निर्बंध आणले आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये ते जवळपास संपूर्ण केले. नव्या अमेरिकन मोटारी आणि सुटे भाग येणे बंद झाले. २०११ पर्यंत क्यूबामध्ये क्रांतिपूर्व मोटारींचीच खाजगी खरेदी-विक्री मुक्तपणे करता येत असे. परिणामी जुन्या शेव्हरोले, ब्यूइक आणि प्लिमथ सोव्हिएत बनावटीची किंवा डिझेल इंजिने बसवून, भाग हाताने घडवून चालत्या ठेवण्यात आल्या. त्यांच्या फुगीर आकारामुळे लोक त्यांना ‘अल्मेंड्रोन’ म्हणजे मोठा बदाम म्हणतात, आणि ठरलेल्या मार्गावर भागीदारीच्या टॅक्सी म्हणून त्या धावतात. एका वर्षात जुन्या व्हाव्यात म्हणून घडलेल्या वस्तू साठ वर्षे चालवून दाखवणे, हे गरजेपोटी घडलेले कौशल्य आहे. पर्यटकाला त्यात गतकाळाचे चित्र दिसते. हवानाच्या चालकाला त्यात रोजचा निर्वाह दिसतो.

५. आकांक्षा आणि तिच्या सीमा

मोटारीच्या जाहिरातींतील कुटुंब गोरे, उपनगरात राहणारे आणि सुखी असे. प्रत्यक्षात मोटारीचे महत्त्व ज्यांना त्या चित्रात स्थान नव्हते त्यांच्यासाठी कमी नव्हते, तर काही बाबतींत अधिकच होते. दक्षिणेकडील राज्यांत बस आणि रेल्वेमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळे बसवले जात असे. स्वतःच्या मोटारीत हा अपमान टळत असे. परंतु वाटेत भोजनगृह, विश्रामगृह किंवा पेट्रोल पंप आपल्याला नाकारणार नाही याची खात्री नसे. म्हणून न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी सुरक्षित ठिकाणांची मार्गदर्शिका प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. ही ‘ग्रीन बुक’ १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत होती. महामार्गावरील मुक्ततेची कल्पना आणि ही पुस्तिका एकाच काळातील आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे.

५ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे बसवर बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. या काळात हजारो कष्टकऱ्यांना कामावर पोचवण्यासाठी खाजगी मोटारींची सामुदायिक व्यवस्था उभी राहिली. चर्चच्या नावे स्टेशन वॅगन घेण्यात आल्या. १९५५ हे वर्ष अमेरिकन मोटारींच्या रसिकांना शेव्हरोलेच्या नव्या इंजिनासाठी स्मरते. त्याच वर्षीच्या मोटारी माँटगोमेरीच्या रस्त्यांवर समतेच्या लढ्याचे साधन बनल्या होत्या, ही गोष्टही तितकीच स्मरणीय आहे. ‘एबनी’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकाने १९४९ मध्येच कॅडिलॅकच्या खरेदीमागील कारणांची चर्चा केली होती. व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेली दिखाऊ उपभोगाची संकल्पना येथे अपुरी पडते. ज्याला चांगल्या वस्तीत घर नाकारले जाते, त्याने चांगली मोटार घेणे हा केवळ दिखावा नसून आपल्या योग्यतेचे विधान असते.

असाच अनुभव कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांचा आहे. त्यांनी जुन्या शेव्हरोले घेऊन त्यांची बैठक जमिनीलगत आणली, त्यांवर नक्षीदार रंगकाम केले आणि त्या संथपणे मिरवल्या. वेगाच्या संस्कृतीला हे संथपणाचे उत्तर होते. १९५८ मध्ये मोटारीची उंची ठरावीक मर्यादेखाली आणण्यास त्या राज्यात बंदी झाली, तेव्हा विमानांतील हायड्रॉलिक पंपांचा उपयोग करून मोटार हवी तेव्हा उचलण्याची युक्ती शोधण्यात आली. हे निर्बंध उठवणारा कायदा राज्याने २०२३ मध्ये संमत केला.

स्त्रियांच्या बाबतीत उद्योगाची समज अधिक उथळ होती. १९५५ मध्ये डॉज कंपनीने ‘ला फाम’ नावाची गुलाबी आणि पांढरी मोटार स्त्रियांसाठी आणली व तिच्यासोबत हातातील पिशवी, लिपस्टिकची डबी आणि छत्रीही दिली. दोन हंगामांतच ती बंद पडली. स्त्रियांना मोटार हवी होती. मोटारीने त्यांचे स्त्रीत्व ठरवावे असे मात्र त्यांना वाटत नव्हते, असाच त्याचा अर्थ दिसतो.

६. सौंदर्याची किंमत

या मोटारींच्या चर्चेत सामान्यतः वगळली जाणारी बाब म्हणजे त्यांनी घेतलेले बळी. कठीण धातूचा डॅशबोर्ड, छातीकडे रोखलेला न दबणारा स्टिअरिंगचा दांडा, पट्ट्यांविना आसने आणि सहज उघडणारी दारे ही त्यांची सर्वसाधारण रचना होती. फोर्डने १९५६ मध्ये सुरक्षेची काही साधने देऊ केली, परंतु उद्योगाचा एकूण भर रूपावर आणि शक्तीवरच राहिला. नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती.

जुन्या मोटारी भक्कम होत्या, असा समज आपल्याकडेही प्रचलित आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू यांची ताशी ६४ किलोमीटर वेगाने, पुढील भागाच्या एका बाजूवर, टक्कर घडवण्यात आली. जुन्या मोटारीची चालकाची बाजू पूर्ण चिरडली गेली आणि तिच्या चालकाच्या जिवावर बेतले असते, असे दिसले. नव्या मोटारीतील चालकाला पायाला किरकोळ इजा झाली असती. लोखंड जाड असणे आणि माणूस सुरक्षित असणे या भिन्न गोष्टी आहेत. चुरगळून आघात शोषून घेणारा पुढील भाग आणि न चुरगळणारी बैठकीची जागा, हे आधुनिक सुरक्षेचे तत्त्व त्या भारदस्त रूपाच्या मागे नव्हते.

पर्यावरणाची हानी याहून व्यापक होती. या शक्तिशाली इंजिनांसाठी शिसेमिश्रित पेट्रोल वापरले जाई. रस्त्यावरील वाहनांसाठी त्याची विक्री अमेरिकेत १९९६ मध्ये पूर्णपणे बंद झाली. तोपर्यंत कित्येक पिढ्यांतील मुलांच्या रक्तात शिसे उतरले होते. शहरांनीही किंमत मोजली. डेट्रॉइट या मोटारनगरीत कृष्णवर्णीयांची हेस्टिंग्ज रस्त्याभोवतीची नांदती वस्ती, तिच्या दुकानांसह आणि संगीतगृहांसह, महामार्गासाठी उद्ध्वस्त करण्यात आली. त्या महामार्गाला क्रायस्लर या मोटार कंपनीच्या संस्थापकाचे नाव मिळाले.

७. मुंबईचा संदर्भ

या इतिहासाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारजोडणीचा कारखाना सुरू केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ला येथे १९४७ पासून वाहने बाहेर काढली. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही नावे त्यामुळे मुंबईकरांच्या परिचयाची झाली. १९५३ च्या जकात आयोगाने देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव देण्याची शिफारस केली. पुढील वर्षी जनरल मोटर्सने येथील काम थांबवले. परकीय चलनाची टंचाई आणि इंधनाची काटकसर यांमुळे प्रीमियरचा भर लहान फियाटकडे वळला. अमेरिकेत पंख उंच होत होते त्याच वर्षांत भारताने लहान मोटारीची वाट धरली, ही तुलना उद्बोधक आहे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले व त्यांचा व्यावसायिक वापर निषिद्ध ठरवला. जुनी मोटार ही वारसावस्तू आहे, नित्य वापराचे वाहन नव्हे, ही समज या नियमांत व्यक्त होते.

८. निष्कर्ष

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले. एक प्रकार गतकाळ जसाच्या तसा परत आणू पाहतो. दुसरा गतकाळाचे अंतर मान्य करून त्यावर चिंतन करतो. अमेरिकन मोटारींचे प्रेम पहिल्या प्रकारात शिरले की १९५० चे दशक निर्दोष सुवर्णयुग वाटू लागते, आणि त्या काळात ज्यांना बसमध्ये मागे बसावे लागले ते नजरेआड होतात. दुसऱ्या प्रकारात मात्र तीच मोटार एक दस्तऐवज ठरते.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या मोटारींचे आकर्षण खोटे नाही. त्यांच्या रूपात आरेखकांची प्रतिभा आहे, यंत्रात समजण्याजोगा मोकळेपणा आहे, आणि त्यांच्या मालकीत वंचितांचीही आकांक्षा मिसळली आहे. परंतु ज्या व्यवस्थेने पंखाची उंची वाढवण्यासाठी दरवर्षी पैसा ओतला, तिला पट्ट्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली. सौंदर्य आणि बेपर्वाई एकाच कारखान्यातून बाहेर पडल्या. म्हणून प्रदर्शनातील त्या कॅडिलॅकपुढे थांबणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्या लाल दिव्यांचे कौतुक जरूर करू द्यावे. त्यानंतर त्याला चालकाच्या आसनाकडे न्यावे आणि तेथे काय नाही, ते शोधण्यास सांगावे. इतिहास, अर्थशास्त्र, यंत्रशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा एकत्र अभ्यास तेथूनच सुरू होऊ शकेल.